एका ‘ब’ वर्ग वाचनालयाचं पगारपत्रक

२०१८ च्या जून महिन्यात आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी कार्यकारी मंडळाच्या सभेत राजीनामा दिला. एकोणीस वर्षं नोकरी झाली होती. अर्जात तीन ओळी, कारण ‘घरगुती’. अर्जाबरोबर सुतळीत ओवलेल्या चार किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्यांतल्या संदर्भ विभागाच्या किल्लीला लाल दोरा बांधलेला होता. ते कुलूप जुनं आहे, किल्ली उलटी फिरवावी लागते. नव्या माणसाला कळावं म्हणून जाता जाता बाईंनी ती खूण करून ठेवली होती.

दोन आठवड्यांनी त्या बसस्टँडजवळच्या एका कापडदुकानात हिशेबाला बसल्या. पगार नऊ हजार. आमच्याकडे त्यांना अनुदानातून महिना ३,६०० रुपये मिळायचे आणि मंडळ वर्गणीच्या पैशातून वर दीड हजार घालायचं.

मी तेव्हा वाचनालयाचा कार्यवाह होतो. तालुक्याचं गाव, जुनी संस्था, शासनमान्य ‘ब’ वर्ग. शासन वाचनालयांना ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग देतं. गावाचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही, कारण इथे जे घडलं ते राज्यातल्या कुठल्याही ‘ब’ वर्ग वाचनालयात घडू शकलं असतं आणि अनेक ठिकाणी घडलंही आहे. मात्र आकडे पूर्ण देतो. या प्रकरणात जे काही समजून घेण्यासारखं आहे ते आकड्यांतच आहे.

पैसा येतो कुठून

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. १ मे १९६८ पासून तो लागू झाला आणि अनुदानाचे नियम १९७० मध्ये आले. या कायद्याने गावोगावी सरकारी वाचनालयं काढली नाहीत. लोकांनी संस्था काढायची, ती नोंदवायची, जागा, पुस्तकं आणि सभासद जमवायचे, मग शासन मान्यता देणार आणि वर्गाप्रमाणे अनुदान देणार, अशी ही व्यवस्था. आपल्याकडे ती रुजली, कारण वाचनालयं आधीपासून होतीच. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. लोकांनी उभं केलेलं चालतं ठेवायला सरकारने हात द्यायचा, हा विचार मला आजही पटतो.

अडचण पुढे आहे. मान्यता मिळते संस्थेला आणि अनुदानही संस्थेला. ग्रंथपाल, लिपिक, शिपाई हे संस्थेने नेमलेले, संस्थेचे नोकर. शासनाच्या लेखी त्यांची वेतनश्रेणी नाही. अनुदानाची निम्मी रक्कम वेतनावर आणि निम्मी वेतनेतर बाबींवर खर्च करायची, एवढाच त्यांचा उल्लेख.

२०१२-१३ पासून ‘इतर ब’ वर्गाला, म्हणजे जिल्हा किंवा तालुका ग्रंथालयाचा दर्जा नसलेल्या आमच्यासारख्या ‘ब’ वर्गाला, वर्षाला १,९२,००० रुपये होते. निम्मे ९६,०००. बाराने भागले की महिना ८,०००. त्यात तीन माणसं. आमच्याकडे ग्रंथपालाला ३,६००, लिपिकाला २,५०० आणि शिपाईमामांना १,९०० असा हिशेब होता. ‘इतर क’ वर्गाला तेव्हा वर्षाला ९६,००० आणि ‘ड’ वर्गाला ३०,००० होते. ‘ड’ वर्गाच्या निम्म्याचे महिन्याला होतात १,२५० रुपये. ज्या खेड्यात ‘ड’ वर्गाचं वाचनालय आहे तिथे दार उघडणाऱ्या, झाडणाऱ्या, पुस्तक देणाऱ्या आणि वार्षिक अहवाल भरणाऱ्या एकाच माणसाची ती महिन्याची कमाई.

हे पैसे दरमहा येत नाहीत. अनुदान हप्त्यांनी येतं. हप्ता येईपर्यंत संस्थेने उसनवारी करायची किंवा कर्मचाऱ्याने थांबायचं. आमच्याकडे बहुतेक वेळा कर्मचारीच थांबत. दिवाळीआधी हप्ता आला नाही तर आमचे कोषाध्यक्ष स्वतःच्या खिशातून देत आणि नंतर वळते करून घेत. ते होते म्हणून जमलं.

आता याच गावातली अनुदानित माध्यमिक शाळा बघा. तिथल्या ग्रंथपालाकडे आमच्या बाईंकडे होती तीच पदवी. शाळाही खासगी संस्थेचीच. पण तिथे शासन वेतन अनुदान देतं, वेतनश्रेणीप्रमाणे, आणि ते कर्मचाऱ्याच्या बँक खात्यात जमा होतं. तीच पदवी, तेच वर्गीकरण, आलेलं प्रत्येक पुस्तक नोंदवायची तीच दाखल नोंदवही. शाळेतल्या पोरांना पुस्तक देणारा माणूस शासनाला दिसतो. तीच पोरं संध्याकाळी आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांना पुस्तक देणारी बाई दिसत नाही.

मदत मिळत होती, पण कशाला?

बाई गेल्यावर मी मागच्या दहा वर्षांची जमाखर्चाची पुस्तकं काढून बसलो. गावाने वाचनालयाला मदत केली नाही असं म्हणायची सोयच नव्हती. आमदार निधीतून वरचा मजला झाला होता. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून ग्रंथ आले होते, कपाटं आली होती. एका व्यापारी कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ बालविभाग करून दिला होता. दोन संगणक, एक इन्व्हर्टर, पाण्याचा फिल्टर, बारा पंखे. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव रंगवलेलं.

पगारासाठी आलेली देणगी मात्र एकही नव्हती. दहा वर्षांत एक रुपया नाही.

लोक कंजूष होते म्हणून नव्हे. आम्ही कधी मागितलाच नाही. देणगीदार आला की आम्हीच त्याला कपाट दाखवायचो, भिंत दाखवायचो. भिंतीला पाटी लावता येते, पगाराला लावता येत नाही. आमदार निधी कामांसाठी असतो, त्यातून कुणाचा पगार निघत नाही. प्रतिष्ठानच्या योजना ग्रंथांसाठी, साधनांसाठी, इमारतीसाठी. म्हणजे वाचनालयाकडे येणाऱ्या मदतीच्या सगळ्या वाटा वस्तूंकडे जात होत्या. माणसाकडे जाणारी वाट एकच, अनुदानाचा अर्धा भाग, आणि ती २०१२ पासून जागच्या जागी होती.

जागच्या जागी का होती हेही सांगायला हवं. २०१२ मध्ये महसूल विभागामार्फत राज्यातल्या सगळ्या मान्य ग्रंथालयांची पडताळणी झाली. काही ठिकाणी वाचनालय कागदावरच होतं, काही ठिकाणी पुस्तकं कमी, काही ठिकाणी कुलूप. पडताळणी व्हायलाच हवी होती. बोगस वाचनालयांनी खऱ्यांचं नाव घालवलं होतं. पण त्यानंतर नव्या मान्यता थांबल्या आणि दर्जावाढही थांबली. आमची ग्रंथसंख्या आणि सभासद ‘अ’ वर्गाच्या निकषापर्यंत पोचले होते, प्रस्ताव तयार होता, तो कपाटात राहिला. गावात तीनशे नवी घरं झाली, वाचनालय वाढलं आणि अनुदान तेवढंच राहिलं. ज्यांनी काहीच चूक केली नव्हती त्यांनी दहा वर्षं ती शिक्षा भोगली, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाई काय करत होत्या ते नंतर कळलं

बाईंच्या जागी लिपिकाला प्रभारी केलं. मुलगा प्रामाणिक, पण दिवसा दुसरीकडे काम करायचा. वाचनालय सकाळी उघडेनासं झालं, नुसतं संध्याकाळी दोन तास. पहिल्या महिन्यात कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या महिन्यात एक आजोबा माझ्या घरी आले. निवृत्त एसटी कंडक्टर. बाई त्यांच्यासाठी मोठ्या टाइपातली पुस्तकं वेगळी काढून ठेवायच्या, टेबलाच्या डाव्या खणात, कारण त्यांचा मोतीबिंदू झाला होता आणि कपाटासमोर उभं राहून शोधणं जमत नव्हतं. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, “आता खण कोण भरणार?”

मग एकेक कळत गेलं. दर शनिवारी आश्रमशाळेतल्या मुलींसाठी तीस पुस्तकं पिशवीत भरून बाई स्वतः एसटीने पाठवायच्या. पोलीस भरतीच्या मुलांना फॉर्म भरून द्यायच्या. दिवाळी अंक कुणाकडे किती दिवस राहिले याची त्यांची वेगळी वही होती आणि त्या वहीच्या जोरावर एक अंक वर्षाला चाळीस घरांत फिरायचा. त्या वर्षी आमचे दिवाळी अंक दहा-बारा घरांत फिरले आणि निम्मे परत आलेच नाहीत.

देवघेव रजिस्टरची पानं आजही आहेत. मे २०१८ चं पान घ्या: बाईंचं बारीक अक्षर, प्रत्येक ओळीत दाखलअंक (पुस्तकाचा नोंदणी क्रमांक), सभासद क्रमांक, तारीख, आणि कडेला पेन्सिलीने खुणा. या खुणा म्हणजे त्या वाचकाने मागितलेलं पण आपल्याकडे नसलेलं पुस्तक. पुस्तक खरेदीची यादी त्या या खुणांवरून करायच्या. सप्टेंबरचं पान घ्या: ओळी कमी, अक्षर तिघांचं, कडेला काहीच नाही. त्या वर्षी पुस्तक खरेदी आम्ही विक्रेत्याने दिलेल्या यादीवरून केली. आजही त्यांतली बरीचशी पुस्तकं कुणी नेलेली नाहीत.

वेतनेतर अनुदानातून घेतलेली पुस्तकं वाया गेली, कारण वेतनाच्या अनुदानातून माणूस टिकला नाही. हा हिशेब कुठल्याच लेखापरीक्षणात दिसत नाही.

पगारपत्रक फलकावर

वर्गणी वाढवून पाहिली. महिना तीसची पन्नास केली. तीन महिन्यांत सभासद घटले, आणि जे गेले ते नेमके विद्यार्थी आणि बायका. दोन सभांनंतर ती वाढ मागे घेतली.

२०१९ मध्ये वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका सुरू केली. तिला प्रतिसाद चांगला मिळाला, फीमधून महिना काही हजार यायला लागले. पण अभ्यासिकेला सकाळी सहा ते रात्री दहा माणूस लागतो. जे आलं ते तिथल्याच माणसाला गेलं. अभ्यासिका काढली की वाचनालयाचा प्रश्न सुटतो असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. आमचा अनुभव तसा नाही. ती चांगली सोय आहे, पण ती वाचनालयाचा पगार भरत नाही.

त्याच वर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आदल्या आठवड्यात मंडळातल्या एका तरुण सभासदाने सुचवलं, की पगारपत्रक सूचना फलकावर लावू. जुन्या लोकांनी विरोध केला. संस्थेची अब्रू जाईल म्हणाले. लिपिकाला विचारलं, तो म्हणाला, नाव नका लिहू, पद लिहा. तसं केलं. एका पूर्ण कागदावर मोठ्या अक्षरांत: शासन अनुदान इतके, त्यातून वेतन इतके, ग्रंथपाल इतके, लिपिक इतके, शिपाई इतके. खाली एक ओळ: ‘ग्रंथपालाची जागा एक वर्षापासून रिकामी आहे.’

कंडक्टर आजोबांना तो कागद दुसऱ्याने वाचून दाखवला. त्यांनी आकडा दोनदा वाचायला लावला. त्यांना वाटत होतं बाई सरकारी नोकर होत्या. गावातल्या बहुतेकांना तसंच वाटत होतं. टेबलामागे बसलेली, रजिस्टर लिहिणारी, शिक्का मारणारी बाई म्हणजे सरकारी, पगार बरा असणार, पुढे पेन्शन असणार. एकोणीस वर्षं गाव याच समजुतीत होतं, आणि हा गैरसमज आम्ही मंडळाने कधी दूर केला नाही. या सगळ्या प्रकरणात आमची स्वतःची चूक कोणती असं विचाराल तर ती ही.

सर्वसाधारण सभेत ठराव झाला: शंभर घरांनी महिना शंभर रुपये, फक्त ग्रंथपालाच्या पगारासाठी, वेगळ्या खात्यात. एक्केचाळीस घरांनी नावं दिली. महिना ४,१००. अनुदानातले ३,६०० आणि मंडळाचे दीड हजार मिळून ९,२००. त्यावर आम्ही ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली एक मुलगी नेमली. तिने पहिल्याच आठवड्यात डावा खण पुन्हा भरला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. वाचनालयं बंद. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यात ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली तोवर आमच्या एक्केचाळीस घरांपैकी सत्तावीस उरली होती. ज्यांची दुकानं बंद पडली त्यांच्याकडे मागायचं कसं? त्या सात महिन्यांत नव्या ग्रंथपाल मुलीने दाखल नोंदवहीतले सगळे दाखलअंक संगणकावर चढवले, घरी बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर. त्यातले चार महिने तिला अर्धाच पगार देता आला.

२०२२ ची वाढ आणि तिचा खरा अर्थ

२०२२ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली. गावोगावच्या संस्था, ग्रंथालय संघ आणि कर्मचारी संघटना यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, निवेदनं दिली, नागपूरच्या अधिवेशनावर धरणं धरलं, त्याचं हे फळ होतं. ‘इतर ब’ वर्गाचे १,९२,००० चे ३,०७,२०० झाले. वेतनाचे महिना ८,००० चे १२,८०० झाले. पेढे वाटले आम्ही.

मग तरुण सभासदाने पुन्हा हिशेब मांडला. किरकोळ महागाईचा सरकारी निर्देशांक २०१२ साली १०० धरला, तर २०२२ च्या अखेरीस तो १७५ च्या पुढे होता. अनुदान १०० चं १६०. म्हणजे एवढी मोठी वाढ मिळूनही आमचं अनुदान खरेदीच्या ताकदीने २०१२ पेक्षा कमीच होतं. आणि मधल्या दहा वर्षांचा तुटवडा? तो कर्मचाऱ्यांनी सोसला होता, कुणी परत देणार नव्हतं.

मी वाढीचं मोल कमी करत नाही. ज्या घरात महिना १,९०० येत होते तिथे ३,००० यायला लागले, शिपाईमामांच्या घरी त्याचा फरक पडला. पण वाढ दहा वर्षांतून एकदा आणि तीही मागून मागून मिळणार असेल, तर ती दरवर्षी झिजणारच. ग्रंथालयांसाठी शासनाने नेमलेली प्रभू समिती, नंतर व्यंकप्पा पत्की समिती, यांच्या शिफारशींप्रमाणे वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती लागू करा ही संघटनांची मागणी जुनी आहे. तिचा गाभा साधा आहे: वेतनाचं अनुदान वेगळं काढा, महागाईशी जोडा आणि शाळेसारखं थेट खात्यात द्या.

दुसरीकडे लोकांनी हे कसं केलं ते मंडळाच्या एका सभेत आम्ही वाचून काढलं. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन हे ग्रंथपाल बोलावले आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं उभं केलं. तिथे गावाने एक वाटा काढला की प्रांत पंचायतीने एक वाटा घालायचा आणि सरकारने एक. गावाचा वाटा वाढला की बाकीचे दोन वाढणार. आमच्या शंभर रुपयांच्या खात्याला असा जोड मिळाला असता तर सत्तावीस घरांचे एक्क्याऐंशी झाले असते. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये स्वतःचा ग्रंथालय कायदा केला होता, राज्याच्या कायद्याच्या बावीस वर्षं आधी. कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घेतला जातो. बेळगाव, निपाणीचे मराठी वाचक तो भरतात. उपकर म्हणजे जादू नव्हे. पालिका गोळा करतात आणि ग्रंथालयांकडे वळता करत नाहीत अशा तक्रारी तिथे आहेतच. पण ग्रंथालयाच्या नावाने पैसा दरवर्षी आपोआप जमतो आणि मालमत्तेबरोबर वाढतो, हे आपल्या कायद्यात नाही. आपल्या कायद्यात शासनाने ग्रंथालय निधीत वर्षाला किमान पंचवीस लाख घालावेत असं लिहिलं आहे. १९६७ साली तो आकडा भरघोस होता.

गोव्यात पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासून आहे आणि आज ते सरकारी आहे. तिथला ग्रंथपाल सरकारी वेतनश्रेणीत असतो. आमच्या ग्रंथपाल मुलीने गेल्या वर्षी तिकडच्या एका जाहिरातीची चौकशी केली, पण रहिवासाची अट आडवी आली.

आज

शंभर रुपयांचं खातं चालू आहे. टाळेबंदीनंतर घरं पुन्हा वाढवली, आता चौतीस आहेत. दरवर्षी एप्रिलमध्ये पगारपत्रक फलकावर लागतं, त्याला आता कुणी विरोध करत नाही. देणगीदार आला की आधी त्याला तो कागद दाखवायचा असा मंडळाचा ठराव आहे. मागच्या वर्षी एका निवृत्त शिक्षिकेने कपाटाऐवजी सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम दिली. पाटी नको म्हणाल्या. आम्ही देवघेव रजिस्टरच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव लिहिलं.

जुन्या बाई अजून कापडदुकानातच आहेत. गुरुवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी संध्याकाळी वाचनालयात येतात, सभासद क्रमांक २१२. नव्या मुलीला वहीच्या कडेला पेन्सिलीने खुणा करायला त्यांनीच शिकवलं.

येत्या रविवारच्या सभेच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय आहे: ‘ग्रंथपाल यांचा अर्ज’. मुलीला जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी महाविद्यालयात अठरा हजारांची जागा चालून आली आहे. तिने मंडळाला विचारलं आहे, इथे किती देता येतील. आमच्याकडे अनुदानाचे ५,८००, घरांचे ३,४०० आणि मंडळाचे दोन हजार आहेत.